सेकंड मालाला सेकंडचाच भाव : उघड्या छताची जुनी गाडी घेताना

कापडाच्या धंद्यात ‘सेकंड’ हा शब्द शिवी नाही. भिवंडी-इचलकरंजीच्या मागावरून उतरलेल्या ताक्यात कुठे ताणा तुटतो, कुठे बाणा सुटतो, कुठे तेलाचा डाग पडतो. असा ताका बाजूला काढला जातो, त्यावर तशी खूण होते आणि तो सेकंडच्या भावात विकला जातो. घेणाऱ्याला माहीत असते, देणाऱ्याने सांगितलेले असते आणि दोघेही आपापल्या घरी सुखाने झोपतात. भांडण तेव्हा होते जेव्हा सेकंडचा ताका फ्रेशची घडी घालून समोर ठेवला जातो. तीस वर्षे हाच व्यवसाय करीत असल्यामुळे, जुनी गाडी घेण्याचा मामला घरात निघाला तेव्हा आम्ही त्याकडेही त्याच नजरेने पाहिले. वाचकबंधूंना त्याचा उपयोग व्हावा म्हणून तो तजुर्बा येथे मांडीत आहोत.

आपल्या मालवण किनाऱ्यावरची अनेक मुले कुवेत, दुबई, मस्कतला राबून परत येतात आणि थोडी शिल्लक हाती असते. कोणी घर बांधतो, कोणी होडी घेतो, कोणी तारकर्लीत पर्यटकांसाठी खोल्या काढतो. आमच्या भगिनीच्या मुलाच्या मनात मात्र दोन आसनांची, छत उघडणारी स्पोर्ट्स गाडी बसली होती. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करवून घेण्याची नोकरी केलेला मुलगा. त्याच्या शौकाला आम्ही वेडेपणा म्हटले नाही. “मामू, नवी घ्यायची आपली ऐपत नाही, जुनीच बघू. तुम्ही फक्त सौद्याला बरोबर या,” एवढेच त्याचे म्हणणे होते.

प्रथम त्याला वाटले, आखातात अशा गाड्या स्वस्त मिळतात, तिकडूनच एखादी आणावी. हा विचार अनेकांच्या डोक्यात येतो म्हणून स्पष्ट सांगतो. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजव्या बाजूला लागते आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. आखातातील गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे. शिवाय जकात इतकी की स्वस्तपणा बंदरावरच संपतो. तो रस्ता बंद झाला.

मग देशातल्या देशात शोध सुरू झाला आणि दोन गाड्यांवर येऊन थांबला. एक मुंबईतील पोर्शे बॉक्स्टर, दुसरी शेजारच्या गोव्यातील सॅन स्टॉर्म.

स्टॉर्मचे नाव आजच्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यात ही छोटी उघडी गाडी बनवायला घेतली. देशात त्या वेळी कारखान्यातून थेट अशी गाडी बाहेर पडणे हीच नवलाई होती. खाली लोखंडी सांगाडा, वर फायबरचे अंग, आणि पुढे रेनॉ या फ्रेंच कंपनीचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. डी-७-एफ असे त्याचे नाव. युरोपात हेच इंजिन रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती गाड्यांत हजारोंनी धावले. स्टॉर्म फार थोड्या बनल्या आणि आता त्यांचे उत्पादन बंद होऊनही बराच काळ लोटला आहे.

बॉक्स्टरची गोष्ट निराळी. नाव मोठे, वेग मोठा आणि तिच्या इंजिनातील एका छोट्या बेअरिंगची बदनामीही मोठी. १९९६ साली ही गाडी बाजारात आली. तिच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला मध्ये एक दांडा आहे. त्या दांड्याच्या एका टोकाला बंद पद्धतीचे बेअरिंग आहे, म्हणजे आत ग्रीस भरून वरून झाकलेले. काळ जातो तसे इंजिनातील गरम ऑइल त्या झाकणातून आत शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि ऑइलचा नीट पुरवठा तर बेअरिंगला मिळत नाही. मग ते झिजते, त्याचा चुरा ऑइलमध्ये फिरतो आणि एक दिवस ते फुटते. दांडा जागेवरून हलला की वेळेचे गणित बिघडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जाते. नवीन किंवा दुसरे इंजिन बसवायचे तर जुन्या बॉक्स्टरच्या निम्म्या किमतीइतका खर्च सहज होतो.

हा ऐब सर्व गाड्यांत सारखा नाही, आणि घेणाऱ्याने येथेच डोळे उघडे ठेवावेत. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचे बेअरिंग होते, ते बरेच टिकाऊ निघाले. साधारण २००० ते २००५ या काळातील गाड्यांत एकेरी ओळीचे लहान बेअरिंग बसवले गेले आणि बोभाटा मुख्यतः त्याचाच. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला आणि २०१३ मध्ये २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत तडजोड झाली. त्या खटल्याच्या निमित्ताने एकेरी बेअरिंग निकामी होण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि दुहेरीचे १ टक्क्याच्या आत असल्याचे पुढे आले. २००६ ते २००८ च्या गाड्यांत बेअरिंग मोठे व मजबूत केले, पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९ पासून नवे इंजिन आले आणि त्यात तो मधला दांडाच ठेवला नाही.

१०० गाड्यांत ८. धंदेवाईक माणसाला हा आकडा घाबरण्यासारखा नाही आणि विसरण्यासारखाही नाही. १०० ताक्यांत ८ डागी निघतील असे कळले तर आम्ही माल नाकारत नाही, भाव पाडून घेतो आणि प्रत्येक ताका उजेडावर धरून पाहतो. बॉक्स्टरमध्येही तसे पाहण्याची सोय आहे. ऑइल फिल्टर काढून कापायचा आणि त्याच्या कागदी घड्यांत धातूचे कण आहेत का ते पाहायचे. बेअरिंग आधीच बदललेले असेल तर त्याचे बिल, तारीख आणि कोणत्या जातीचे बसवले ते मागायचे. बदलायचे झाल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणा माणूस क्लच बदलायच्या वेळीच हे काम उरकतो; एका मजुरीत दोन कामे होतात. आणखी एक गोष्ट अनेक जाणकार मेकॅनिक सांगतात. वर्षातून चार वेळा बाहेर काढलेली, झाकून ठेवलेली, कमी किलोमीटरची गाडी या बाबतीत चांगलीच असते असे नाही. नियमित चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी बरी. आपल्याकडे मात्र ‘कमी चाललेली’ हेच शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारले जातात.

मुंबईच्या ज्या इसमाकडे ती गाडी होती त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. गाडी त्याच एकेरी बेअरिंगच्या काळातील. रंग सुंदर, आतले चामडे सुंदर, बोलणे त्याहून सुंदर. मागणी १८ लाख. “बेअरिंग बदललेय, फिकीर करू नका,” असे तो म्हणाला. भाच्याने बिल मागितले. बिल सापडत नव्हते. कोणत्या वर्कशॉपात बदलले ते विचारले, तेही आठवत नव्हते. मग आम्ही म्हटले, फिल्टर आमच्या खर्चाने नवा बसवतो, जुना आमच्यासमोर कापू द्या. त्यावर साहेबांचा चेहरा बदलला आणि दुसरी गिऱ्हाइके रांगेत असल्याचे आम्हाला कळले. आम्ही चहा घेऊन उठलो. गाडी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही, कदाचित बेअरिंग खरोखरच नवे असेल. परंतु ज्याने खरेच ५० हजार-लाख खर्चून काम करून घेतले तो त्याचा कागद जपून ठेवतो, कारण विकताना तो कागदच त्याला पैसे मिळवून देतो.

१९३० च्या मालविक्री कायद्यातही मूळ नियम असाच आहे की माल आपल्या कामाचा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रथम घेणाऱ्याची. त्याला अपवाद आहेत, पण जुन्या गाडीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा आधी फिल्टर कापणे स्वस्त पडते. आमच्या वडीलधाऱ्यांची शिकवण याच्या पुढची होती: ऐब विकणाऱ्याने न विचारता सांगावा. मुंबईच्या गाडीबाजारात ती कितीजण पाळतात हे वाचकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती परतीच्या प्रवासात आमच्या बोलण्यात आली. समजा बेअरिंग चांगले आहे. तरी या गाडीचे इंजिन ज्याने पूर्वी उघडले आहे असा माणूस मालवणात नाही, कुडाळात नाही, कणकवलीत नाही. काही झाले की ट्रकवर चढवून मुंबई. आमच्या किनाऱ्यावर मेकॅनिक कमी नाहीत, मासेमारीच्या ट्रॉलरचे डिझेल इंजिन आवाजावरून ओळखणारे कारागीर आहेत, पण त्यांची विद्या वेगळी. दोष माहीत असणे पुरेसे नाही, तो दूर करणारा हात आपल्या पोचेत हवा. तसे पाहिले तर उघडी गाडीच हवी असेल तर जुनी जिप्सी घ्यावी, कापडी छत, मारुतीचे इंजिन आणि तालुक्यागणिक सुटे भाग. आम्ही हे दोनदा सुचवले. दोन्ही वेळा भाच्याने खिडकीबाहेर पाहिले.

मग गोव्याची स्टॉर्म. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी त्यांनीच प्रथम घेतलेली, मागणी ४ लाख. त्यांनी आम्ही बसण्यापूर्वीच सांगितले की छताची शिवण उसवली आहे, गाडी पहिल्यासारखी ओढत नाही आणि थंड असताना थोडी थरथरते. आम्हाला तेथेच बरे वाटले.

त्यांना आदल्या दिवशीच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नये. हे प्रत्येक जुन्या गाडीच्या बाबतीत करावे. गरम इंजिन अनेक दोष लपवते. भाच्याने बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवली. थरथर होतीच. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता, ऑइल घालायच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता. मग मडगावहून बोलावलेल्या मेकॅनिकने चारही सिलिंडरचा दाब मोजला. तीन जवळजवळ सारखे, चौथा बराच खाली. त्याने त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले. ऑइल टाकल्यावर दाब वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांत, म्हणजे काम मोठे. तो वाढला नाही. तेव्हा दोष वर, बहुधा व्हॉल्व्हमध्ये. हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून घ्यावे लागणार. त्या मेकॅनिकने त्या दिवसाचे दीड हजार रुपये घेतले आणि सबंध सौद्यात त्याच्याइतके कोणी कमावून दिले नाही.

आता प्रश्न सुट्या भागांचा. स्टॉर्म अनाथ गाडी आहे, तिचे दिवे, समोरची काच, छताचा सांगाडा हे कोणत्याही दुकानात टांगलेले मिळणार नाही. काच फुटली तर महिनोन्महिने गाडी उभी. रेनॉ कंपनी पुढे भारतात आली, महिंद्राबरोबर २००७ मध्ये लोगन आली, पण तिचे पेट्रोल इंजिन वेगळे होते. त्यामुळे या इंजिनाचे भाग आपल्या बाजारात पडून नाहीत. मात्र युरोपात क्लिओ आणि ट्विंगोसाठी ते आजही विकले जातात. गॅस्केट, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर. भाच्याचा एक सोबती फ्रान्समध्ये आहे, त्याने इंजिनाचा क्रमांक घेऊन दोन दिवसांत किमती कळवल्या. आणि हेडचे काम? त्यासाठी कोल्हापूर आहे. उद्यमनगरात इंजिनाचे हेड घासणारे, व्हॉल्व्हची बैठक कापणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. आठ व्हॉल्व्हचे साधे इंजिन पाहून त्यांना घाम फुटणार नाही.

एक गोष्ट आमच्याही नंतर लक्षात आली आणि ती किनाऱ्यावरच्या माणसालाच सुचेल. गाडीचे अंग फायबरचे आहे. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या आणि मासेमारीच्या फायबरच्या होड्या दरवर्षी दुरुस्त होतात. मॅट, रेझिन आणि तो लावणारा हात आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा दोन पावसाळ्यांत पोखरतो, फायबरला त्याचे भय नाही. परंतु खालचा सांगाडा लोखंडाचाच. म्हणून गाडी खड्ड्यावर घेऊन भाच्याने जाड पेचकसाने प्रत्येक जोड ठोकून पाहिला. जेथे आवाज बसका येतो, पापुद्रा सुटतो, तेथे गंज आत गेलेला असतो. एका जोडावर खरवड होती, आरपार काही नव्हते.

छताकडे लोक कमी लक्ष देतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात कापडी छताची शिवण हा सगळ्यात कमकुवत भाग आहे. हा विषय आमच्या धंद्यातला असल्याने सांगतो. अशा छताला साधा सुती दोरा चालत नाही, तो भिजून कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा हवा आणि शिवणीच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवावी. आसनाखालचा गालिचा उचलून नाकाने वास घ्यावा. ओलीचा वास आला तर पाणी वायरिंगपर्यंत गेलेले असते आणि इंजेक्शनच्या इंजिनाचे अर्धे दुखणे वायरिंगच्या जोडांतच असते. रेनॉच्या या इंजिनात क्रँकच्या सेन्सरची जोडणी मळली की गाडी चालू होत नाही, आणि लोक पंप बदलत बसतात.

इंधनाचाही विचार करावा लागला. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रुळले. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतील ओल ओढते आणि आमच्या हवेत ओलीला तोटा नाही. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या बदलायच्या आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करायची नाही, असे ठरले.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडी गोव्याची, आपली नोंदणी एमएच-०७. विकणाऱ्याने तिकडच्या कार्यालयातून नमुना २८ वर ना-हरकत घ्यायची, २९ आणि ३० या नमुन्यांवर दोघांनी सह्या करायच्या आणि इकडे महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक घ्यायचा. विकणाऱ्याने दुसऱ्या राज्यातील व्यवहार ४५ दिवसांत कळवावा, घेणाऱ्याने ३० दिवसांत, आणि विमा कंपनीला १४ दिवसांत. पूर्वीचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवायची. हे नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत होत असे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० करण्यात आले. वर राज्याचा पर्यावरण कर. व्यापारी वाचकांसाठी एवढेच की, नोंदणीकृत गाडीविक्रेता असेल तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. साध्या गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला आपली गाडी विकली तर तो लागत नाही. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्जही देत नाहीत. सौदा रोखीचा, म्हणजे नंतर व्याज मोजत बसायची कटकटही नाही.

हिशोब आम्ही मालकांसमोरच कागदावर मांडला. हेडचे काम व भाग ३८ हजार, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप १४ हजार, छत २६ हजार, नळ्या ९ हजार, टायर १८ हजार. एकूण १ लाख ५ हजार. बेल्टवर वाद झाला. मालक म्हणाले गाडी २० हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही, बेल्ट कशाला? त्यांना आदराने सांगितले की रबर किलोमीटरनेच नव्हे, वर्षांनीही म्हातारे होते, आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नाही. त्यांनी मान हलवली. आम्ही २ लाख ६० हजार म्हटले, ते ३ वर आले आणि २ लाख ८० हजारांवर हात मिळाले. हेड उघडल्यावर आत आणखी काही निघाले तर तो आमचा नशिबाचा भाग, हे आम्ही तेथेच कबूल केले आणि पावतीवर लिहूनही दिले. त्यांनीही पावतीवर आपल्या हाताने चौथ्या सिलिंडरचा दाब कमी असल्याचे आणि छत उसवल्याचे लिहिले. आजवर अनेक पावत्या पाहिल्या, पण मालाचा दोष विकणाऱ्याने स्वतः लिहिलेली गाडीची ही पहिलीच.

भाच्याने वेगळे ८० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, पहिल्या वर्षासाठी. ज्याच्याकडे हे बाजूला ठेवण्याचे पैसे नाहीत त्याने असल्या गाडीला हात लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ना-हरकत आली की गाडी बांद्यामार्गे प्रथम कोल्हापूरला जाईल, हेड उतरेल, आणि गॅस्केटचा संच फ्रान्सहून येणाऱ्या त्या सोबत्याच्या बॅगेत येईल. घराच्या मागच्या पडवीला दरवाजा बसवायचे काम सुतार करतो आहे. समुद्राकडची बाजू बंद करायला त्याला सांगितले आहे.